शिवणयंत्र का अडकले? गोडेतेल, एरंडेल आणि वंगणाचे रसायनशास्त्र

राहुरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी उठली. तिचा प्रश्न असा होता : "सर, आईचं शिलाई मशीन जड फिरायला लागलं म्हणून मी त्यात गोडेतेल घातलं. आठ दिवस छान चाललं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे गेलो. महिन्याने येऊन पाहतो तर चाकच फिरेना. ऐन शाळेच्या गणवेशाच्या दिवसांत आईचं काम आठवडाभर बंद पडलं. पण आजोबा म्हणतात, ते गाडीच्या आखाला जन्मभर एरंडेलच घालत होते आणि गाडी कधी अडली नाही. मग माझं काय चुकलं?"

हा प्रश्न छोटा नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत आज ज्या प्रश्नावर काम चालू आहे, तोच तिने आपल्या घरच्या भाषेत विचारला होता. खनिज तेलाच्या वंगणाऐवजी वनस्पतीचे तेल वापरता येईल का? येत नसेल तर अडचण नेमकी कोठे आहे? आणि तेलाच्या रेणूत थोडा फेरफार करून ती दूर करता येईल का? क्रमाक्रमाने पाहू या.

वंगण नेमके काय करते?

घासून गुळगुळीत केलेला पोलादाचा दांडा सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत राहत नाही. त्यावर अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या रांगेसारखे उंचवटे आणि दऱ्या दिसतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना हे उंचवटे एकमेकांत अडकतात, तुटतात, तापतात. यालाच आपण घर्षण आणि झीज म्हणतो.

वंगण दोन प्रकारे मदत करते. यंत्राचा भाग वेगाने फिरत असेल तर तो तेलाला आपल्याबरोबर ओढून घेतो. दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा पापुद्रा तयार होतो आणि धातू धातूला लागतच नाही. येथे तेलाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, महत्त्वाची असते. पण वेग कमी आणि भार प्रचंड असेल तर तेल बाजूला पिळले जाते आणि उंचवटे एकमेकांना भिडतात. अशा वेळी धातूला चिकटून राहिलेला, एका-दोन रेणूंच्या जाडीचा थरच काय तो बचाव करतो. बैलगाडीचा आख, गुऱ्हाळाचा चरक आणि साखर कारखान्यातील ऊस पिळणारे रूळ ही या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे आहेत. कारखान्यातले रूळ मिनिटाला जेमतेम चार-सहा फेरे घेतात, पण त्यांच्यावरचा दाब अतिशय मोठा असतो.

आता वनस्पती तेलाचा रेणू पाहू. ग्लिसरॉलच्या एका छोट्या तुकड्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. जोडणीच्या जागी ऑक्सिजन असतो. त्या जोडणीला एस्टर बंध म्हणतात. ऑक्सिजनमुळे रेणूचे हे डोके धातूकडे ओढले जाते आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहतात. रब्बीच्या ज्वारीचे दाट शेत डोळ्यांपुढे आणा. मुळे जमिनीला धरून, ताटे वर. धातूवर असे 'पीक' उभे असले की समोरचा धातू त्याच्यावरून सरकून जातो. खनिज तेलात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्याला असे धरून ठेवणारे डोके नसते. म्हणून त्यात वेगळी रसायने मिसळावी लागतात.

वनस्पती तेलाचा दुसरा गुण असा, की तापमान वाढल्यावर त्याची विष्यंदिता खनिज तेलाइतकी झपाट्याने उतरत नाही. हा गुण मोजण्यासाठी विष्यंदिता निर्देशांक वापरतात. साध्या खनिज तेलाचा निर्देशांक ९० ते १०० च्या आसपास असतो, तर शेंगदाणा, सोयाबीन किंवा सूर्यफूल यांच्या तेलांचा २०० च्या जवळपास भरतो. तिसरा गुण मातीशी संबंधित आहे. सांडलेले वनस्पती तेल जिवाणू लवकर खातात. ठरावीक दिवसांच्या प्रमाणित चाचणीत वनस्पती तेलाचा साधारण ७० ते १०० टक्के भाग विघटित होतो, खनिज तेलाचा २० ते ४० टक्केच.

एवढे गुण असताना शिवणयंत्र अडकले कसे?

दोष दुहेरी बंधात

उत्तर डोक्यात नाही, शेपटीत आहे. मेदाम्लाची शेपटी बहुधा १८ कार्बनांची असते. सगळे कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर ते संपृक्त मेदाम्ल. मध्ये एक दुहेरी बंध असेल तर ओलेइक आम्ल, दोन असतील तर लिनोलेइक, तीन असतील तर लिनोलेनिक.

दुहेरी बंधाच्या जागी शेपटीला बाक येतो. वाकड्या काड्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसे वाकडे रेणू एकमेकांना नीट बिलगत नाहीत आणि तेल थंडीतही द्रव राहते. सरळ, संपृक्त शेपट्या मात्र नीट रचल्या जातात. म्हणून खोबरेल २४-२५ अंश सेल्सिअसलाच गोठते.

पण हाच दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनला वाट करून देतो. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये जो कार्बन असतो, त्याचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. एक हायड्रोजन निघून गेला की तेथे ऑक्सिजन येऊन बसतो, पेरॉक्साइड तयार होते आणि ते शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढते. अशी साखळी सुरू होते. काही रेणू तुटून खवट वासाची आम्ले व इतर पदार्थ बनतात, काही एकमेकांना जोडले जाऊन डिंकासारखा चिकटा तयार होतो. ओलेइक आम्लात असा 'मधला' कार्बन नाही, लिनोलेइकमध्ये एक आहे, लिनोलेनिकमध्ये दोन. त्यामुळे ओलेइकपेक्षा लिनोलेइक दहा पटींहून अधिक वेगाने ऑक्सिजन घेते आणि लिनोलेनिक त्याच्याही पुढे असते. लोखंड व तांबे यांचे अंश ही क्रिया आणखी वाढवतात.

शिवणयंत्रात काय झाले ते आता स्पष्ट होईल. शेंगदाणा तेलात साधारण ३० टक्के लिनोलेइक आम्ल असते. त्याचा पातळ थर, भोवती हवा, खाली पोलाद, वर वैशाखातला उन्हाळा आणि महिनाभर यंत्र बंद! त्या मुलीने तेल घातले होते. महिन्याने तेथे डिंक होता.

दोन परीक्षा, उलटे निकाल

हा विषय वर्गात नुसता सांगण्यापेक्षा करून दाखवावा. खोबरेल, शेंगदाणा, करडई, जवस आणि एरंडेल अशी पाच तेले आणावीत. शक्यतो घाण्याची घ्यावीत. पिशवीबंद तेलात ऑक्सिडीकरण रोखणारी रसायने मिसळलेली असू शकतात, मग निकाल लांबतो. जवसाचे तेल रंगाच्या दुकानातून आणू नये, कारण त्यात वाळवण्यासाठी क्षार घातलेले असतात.

पहिली परीक्षा : काचेच्या पाच पट्ट्यांवर प्रत्येकी एका तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. पट्ट्या उबदार जागी, धुळीपासून जपून ठेवाव्यात आणि एक दिवसाआड टोकाला बोट लावून पाहावे. दुसरी परीक्षा : तीच तेले छोट्या बाटल्यांत भरून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावीत.

पहिल्या परीक्षेत जवस सर्वांत आधी साय धरते, त्यामागून करडई चिकट होते. शेंगदाणा बराच काळ टिकतो आणि खोबरेल तर तसेच राहते. दुसऱ्या परीक्षेत क्रम उलटतो. खोबरेल दगडासारखे घट्ट, शेंगदाणा गढूळ आणि दाट, पण करडई व जवस स्वच्छ आणि वाहते. जे तेल हवेला टिकते ते थंडीला हरते आणि जे थंडीला टिकते ते हवेला हरते. वनस्पती तेलापासून वंगण करण्यातला सारा पेच या दोन ओळींच्या तक्त्यात आहे.

तेलातील दुहेरी बंध मोजण्याचे माप म्हणजे आयोडीन मूल्य : १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते ते. खोबरेलाचे मूल्य १० च्या आत-बाहेर, शेंगदाण्याचे ८५ ते १००, करडईचे १४० च्या आसपास आणि जवसाचे १७० च्या वर. मुलांनी लावलेला क्रम या आकड्यांशी ताडून पाहावा.

पण तक्त्यात एक तेल बसत नाही. एरंडेल काचेवर लवकर वाळत नाही आणि शीतकपाटात गोठतही नाही!

एरंडाची युक्ती

एरंडेलात ८५ ते ९० टक्के एकच मेदाम्ल असते : रिसिनोलेइक. त्यात दुहेरी बंध एकच, म्हणून ते हवेला बऱ्यापैकी टिकते. त्याशिवाय शेपटीच्या बाराव्या कार्बनावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, बसलेली असते. या जोडीमुळे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल दाट होते. ४० अंशांना त्याची विष्यंदिता इतर तेलांच्या सहा-सात पट भरते. शिवाय धातूला चिकटायला त्याला आणखी एक हात मिळतो.

आजोबांचे एरंडेल का चालले, याचे अर्धे उत्तर हे. उरलेले अर्धे वापरण्याच्या रीतीत आहे. गाडीच्या आखाला वंगण वरचेवर घातले जाई आणि जुने काळे वंगण बाहेर पडून जाई. तेलाला म्हातारे व्हायला वेळच मिळत नसे.

ही युक्ती फक्त आपल्याच खेड्यांना माहीत होती असे नाही. इंग्लंडमधील वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेले वंगण बाजारात आणले आणि इंग्रजीतील एरंडेलाच्या नावावरून त्याचे नाव 'कॅस्ट्रॉल' ठेवले. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच असे. पण त्यालाही मर्यादा आहेत. ते खनिज तेलात नीट मिसळत नाही, फार तापले तर त्याचाही चिकटा होतो आणि नाजूक यंत्रांना ते अतिदाट पडते.

तरीही एरंडाने एक दिशा दाखवली : शेपटीत योग्य जागी योग्य गट बसवला तर थंडी आणि हवा या दोन्ही परीक्षा पास होता येते. इतर तेलांना हेच प्रयोगशाळेत शिकवता येईल का?

रसायनशास्त्रज्ञाचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकणे. पॉल सबात्ये यांनी निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याची रीत दाखवली. त्याबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. द्रव तेलांसाठी विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली पेटंट घेतले. वनस्पती तूप याच रीतीने बनते. पण तुपाकडे पाहूनच वंगणाची अडचण कळते. सर्व बंध भरले की तेल गोठते. म्हणून हायड्रोजन मोजून द्यावा लागतो. लिनोलेइकचे ओलेइक होईपर्यंत थांबायचे, पुढे जायचे नाही. असे नेमके थांबणे सोपे नसते.

दुसरा मार्ग डोके बदलण्याचा. ग्लिसरॉलच्या मधल्या कार्बनावर एक हायड्रोजन असतो. तेल फार तापले की तो निसटतो आणि शेपटी तुटून पडते. म्हणून ग्लिसरॉल काढून त्याच्या जागी ट्रायमेथिलॉलप्रोपेन नावाचे अल्कोहोल बसवतात. त्याच्या मधल्या कार्बनाला चारही बाजूंनी कार्बनच जोडलेले असतात. निसटायला हायड्रोजनच नाही. कृती दोन पायऱ्यांची आहे. आधी तेल आणि मिथेनॉल यांची अल्कलीच्या उपस्थितीत क्रिया करून मिथिल एस्टर बनवतात (बायोडिझेल म्हणतात ते हेच). मग त्याची नव्या अल्कोहोलबरोबर क्रिया घडवतात. सुटणारे मिथेनॉल निर्वात करून सतत ओढून घेतात, म्हणजे क्रिया मागे फिरत नाही. मात्र शेपट्या जुन्याच राहतात, त्यामुळे ओलेइक जास्त असलेले तेलच येथे घ्यावे लागते.

तिसरा मार्ग आमच्या मते सर्वांत सुंदर आहे. १९०९ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय प्रिलेझाएव यांनी दाखवले, की सेंद्रिय परआम्लाच्या मदतीने दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एक अणू बसवता येतो. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे तीन कोनांचे कडे तयार होते. त्याला इपॉक्साइड म्हणतात. व्यवहारात तेलात फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल घालून ६० अंशांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब-थेंब सोडतात. क्रियेत उष्णता निघते, घाई केली तर भांडे आवरत नाही. म्हणून ही कृती शाळेत करू नये. ऑक्सिजन शिरण्याचे दार अशा रीतीने बंद होते, पण तेल थोडे दाट होते आणि थंडीत लवकर गोठते. मग पुढची पायरी : तीन कोनांचे कडे ताणलेले असते, ते अल्कोहोलच्या साहाय्याने उघडता येते. उघडल्यावर शेपटीच्या मध्यावर एका बाजूला हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या बाजूला एक फांदी येते. हा गट तसाच ठेवला तर एरंडेलाची आठवण होते. त्यालाही एखादे आम्ल जोडले तर दुसरी फांदी मिळते. फांद्या असलेल्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. म्हणजे जे काम पूर्वी दुहेरी बंधाचा बाक करीत होता, ते आता फांदी करते आणि हवेला दारही मिळत नाही!

चौथा मार्ग प्रयोगशाळेऐवजी शेतात जातो. नगरकडच्या करडईत परंपरेने ७५ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते. आहारात तिला मान आहे, वंगणात नाही. पण करडई व सूर्यफुलाच्या अशाही जाती पैदासकारांनी निवडल्या आहेत, ज्यांच्या तेलात ओलेइकचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या वर असते. तेथे रसायनशास्त्रज्ञाचे निम्मे काम रोपानेच केलेले असते.

करंजाकडे वळताना

खाण्याचे तेल यंत्रात घालावे का, हा प्रश्न रास्त आहे. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. म्हणून भारतातील संशोधकांनी अखाद्य तेलांकडे लक्ष दिले. त्यातले आपल्या ओळखीचे म्हणजे करंज. नगर जिल्ह्यात रस्त्याकडेला आणि ओढ्याकाठी तो सहज दिसतो. बियांत सुमारे एक-तृतीयांश तेल असते. ते कडू असते, कारण त्यात करंजिनसारखी द्रव्ये असतात. पण त्यातील मेदाम्लांत साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक ओलेइक असते आणि आयोडीन मूल्य शेंगदाण्याच्या आसपास येते. डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था येथे करंजतेलापासून वर सांगितलेल्या रीतींनी वंगणे बनवण्याचे काम झाले आहे. अडचण एवढीच, की साठवलेल्या बियांच्या तेलात सुटी आम्ले वाढतात. अल्कली घातली की त्यांचा साबण होतो. म्हणून आधी ती आम्ले वेगळी हाताळावी लागतात.

उसाच्या रुळाखाली

हे सारे आपल्या जिल्ह्यात कोठे उपयोगी पडेल? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. पुढे हा जिल्हा साखरेच्या प्रमुख जिल्ह्यांपैकी एक झाला. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण प्रवरेचे आणि मुळेचे पाणी तेच आहे.

ऊस पिळणाऱ्या रुळांच्या बेअरिंगना परंपरेने दाट काळे खनिज वंगण देतात. ते परत गोळा होत नाही. घातले तेवढे हळूहळू बाहेर पडते. काही यंत्राच्या तळाशी साचते, काही धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते. कारखान्याच्या सांडपाण्यात तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, ती पाळण्यासाठी तेल वेगळे काढावे लागते. घातलेले सगळे वंगण जेथे निसर्गातच जाते, तेथे लवकर विघटन पावणाऱ्या वंगणाचा पहिला हक्क आहे. शिवाय येथे वेग कमी आणि भार मोठा, म्हणजे धातूला धरून राहणाऱ्या डोक्याचा उपयोगही सर्वाधिक.

दाटपणा कसा आणायचा? येथे एक गंमत आहे. तेल तापवून त्यात हवा फुंकली तर रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते दाट होते. जहाजांच्या वाफेच्या इंजिनांसाठी मोहरीवर्गीय तेले पूर्वी अशीच 'फुंकून' वापरीत. ज्या क्रियेने शिवणयंत्र अडकले, तीच योग्य वेळी थांबवली तर कामाची ठरते.

पण ताळेबंद दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. एस्टर बंधाला पाणी आवडत नाही. गरम पाणी आणि आम्ल मिळाले की तो तुटतो, मेदाम्ल सुटते आणि बेअरिंगमधल्या तांब्याच्या मिश्रधातूला खाऊ लागते. रुळांच्या भोवती तर पाणी आणि आंबट रस सतत असतो. दुसरे, गाळप हंगाम संपला की यंत्रे कित्येक महिने उभी राहतात, म्हणजे शिवणयंत्राचीच कथा मोठ्या प्रमाणावर. तिसरे, फेरफार केलेले तेल साध्या खनिज तेलापेक्षा महाग पडते. आणि चौथे, 'विघटनशील' म्हणजे 'कोठेही ओता' असे नव्हे. ओढ्यात वनस्पती तेल ओतले तरी ते खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतातच.

म्हणून एकच तेल सर्वांना पुरेल असे होणार नाही. जेथे वंगण मातीत किंवा पाण्यात जाणारच आहे, तेथे आधी वनस्पतीचे तेल आणावे. जेथे ते बंद पेटीत वर्षानुवर्षे फिरते, तेथे घाई करू नये. कोठे कोणता फेरफार लागतो, हे यंत्राचा वेग, भार, तापमान, पाणी आणि उभे राहण्याचा काळ पाहून ठरवावे.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले? एवढेच, की तुझे चुकले ते तेल निवडताना, विचार करताना नव्हे. यंत्र रॉकेलने धुऊन, पुसून त्यात शिवणयंत्राचेच पातळ तेल घाल. धुताना जवळ दिवा-शेगडी नको. आणि आजोबांकडून थोडे एरंडेल घेऊन पाच काचपट्ट्यांचा प्रयोग शाळेत मांड. पुढच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीत पट्ट्या ओळीने ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली तारीखवार नोंदी होत्या. जवसाच्या पट्टीवर साय धरली होती. एरंडेलाच्या पट्टीखाली तिने लिहिले होते : "अजून ओले."